जांगयिलीची चाळीस मडकी

उत्तर घानातल्या जांगयिली गावात सानातूच्या आईचं मडकं नाही असं एकही घर नव्हतं. ओढ्याकाठची काळी माती आणि वारुळाची तांबडी माती ती एकत्र तुडवायची, त्यात जुन्या खापरांचा चुरा मिसळायची आणि उपड्या घागरीवर थापून मडकं उठवायची. चाक तिने जन्मात पाहिलं नव्हतं. मडकं जागेवर असायचं आणि तीच कमरेत वाकून त्याच्याभोवती फिरायची. पाण्याचा रांजण, रस्सा शिजवायचं भांडं आणि शियाच्या बियांचं लोणी ठेवायची बरणी, तिन्हींची माती एकच. फरक पडायचा तो भाजण्यात आणि भाजल्यानंतर. लोण्याची बरणी आव्यातून काढली की गरम असतानाच ती दावादावाच्या झाडाच्या शेंगांच्या काढ्याने माखायची, म्हणजे तिची बारीक छिद्रं बुजायची. रांजणाला मात्र तो काढा कधी लागू द्यायची नाही. "रांजणाला घाम यायलाच हवा," ती म्हणायची. "घाम न येणारं मडकं आणि न रडणारी बाई, दोन्ही आतून तापतात."

सानातू तिची थोरली मुलगी. आईची कला तिच्या हातात उतरली नाही, ती कानात उतरली. भाजलेल्या मडक्याला बोटाच्या पेराने टिचकी मारली की केसाएवढी चीर कुठे आहे, ते ती डोळे मिटून सांगायची. शेजारची लारिबा आणि ती एकाच वर्षी जन्मलेल्या. लारिबाने आव्यासाठी गवत आणायचं, सानातूने मडकी वाजवायची आणि दोघींनी मिळून ती डोक्यावरून तामालेच्या बाजारात न्यायची, असं दोघींचं लहानपण गेलं.

पुढे ॲल्युमिनियमची पातेली आली, प्लास्टिकची पिंपं आली. आई गेली. सानातूचं लग्न तामाले शहरातल्या एका लॉरी ड्रायव्हरशी झालं. तोही पंधरा वर्षांनी गेला आणि एकुलता मुलगा कुमासीला जाऊन फोन विकू लागला. चाळिशी उलटलेली सानातू घरात एकटी उरली तेव्हा कोणीतरी तिला सांगितलं, की शहराबाहेर पाण्याचे फिल्टर करायचा कारखाना निघालाय आणि ते फिल्टर मातीचे असतात.

कारखाना म्हणजे पत्र्याची एक लांब शेड, दोन भट्ट्या आणि अकरा बायका. तो चालवणारा मास्टर अगबेको हा दक्षिणेकडचा, समुद्राकडचा माणूस. आमची भाषा तो अशी बोलायचा की बायका पदर तोंडात धरून हसायच्या. त्याने सानातूपुढे तीन मडकी ठेवली.

तिने तिन्ही वाजवली. "हे चांगलं. हे आतून कच्चं राहिलंय. आणि हे तुम्ही मुद्दाम आणलंय मास्टर. तळाशी चीर आहे, वरून गारा फासलाय."

मास्टर खो खो हसला. दुसऱ्या दिवसापासून सानातू कामावर.

मास्टरला बोलायचा भारी सोस. विजेच्या खांबावरचा चिनी मातीचा पांढरा लट्टू, चहाचा कप, श्रीमंतांच्या घरातलं संडासाचं भांडं, भट्टीच्या पोटातली हलकी वीट, सगळी एका मायची लेकरं, असं तो सांगायचा. "माती कुठली, तिच्यात काय कालवलं आणि आग किती लावली, एवढाच काय तो फरक. पांढरी माती कडक आगीत घातली की छिद्रं मिटून काचेसारखी होते. मग पाण्याचा थेंब आत जात नाही की वीज बाहेर येत नाही. खांबावर तीच पाहिजे. आपल्याला उलटं करायचंय, गळणारं मडकं. पण अक्कलेने गळणारं."

अक्कल होती भाताच्या तुसात. गिरणीतून आणलेलं तूस दळायचं, बारीक चाळणीने चाळायचं आणि वाळवून कुटलेल्या मातीत मापाने मिसळायचं. पाणी घालून कणकेसारखं मळायचं आणि लॉरीच्या जॅकने दाबायच्या साच्यात घालून बादलीएवढं मडकं काढायचं. दोन-तीन आठवडे सावलीत वाळलं की भट्टी. आगीत तूस जळून जातं आणि जिथे जिथे त्याचा कण होता तिथे सुईच्या टोकाहून बारीक पोकळी राहते. गढूळ पाणी त्या पोकळ्यांच्या चक्रव्यूहातून वाट काढत खाली येतं, तोवर घाण वरच अडकलेली असते. शेवटी आतून-बाहेरून चांदीचं पाणी लावायचं, उरल्यासुरल्या जंतूंसाठी.

सानातूचं काम भट्टी आणि चांदी यांच्या मधलं. भाजलेली मडकी दिवसभर हौदात भिजवायची, मग मांडणीला टांगून काठोकाठ भरायची आणि एका तासात पाणी किती उतरलं ते खुणांच्या काठीने मोजायचं. एक लिटरच्या आत गळलं तर मडकं कामाचं नाही, घरादाराची तहान भागणार नाही. अडीच लिटरच्या वर गेलं तर त्याहून वाईट, कारण छिद्रं मोठी. आकडा वहीत लिहायचा. नापास मडकं तपासणाऱ्यानेच तिथल्या तिथे हातोडीने फोडायचं, हा मास्टरचा नियम. "फोडलं नाही तर कोणीतरी ते घरी नेणार आणि त्यातलं पाणी पोराला पाजणार," तो म्हणायचा.

सहा वर्षं सानातूने हे काम केलं. नापास झालेली शेकडो मडकी तिने फोडली, एकही सोडलं नाही.

सातव्या वर्षी एका परदेशी संस्थेने चार गावांसाठी फिल्टर मागितले. तिथल्या तळ्यांचं पाणी म्हणजे पावसाळ्यात पातळ केलेला चिखल. यादीत जांगयिलीचं नाव नव्हतं. सानातू मास्टरच्या मागे लागली, मास्टर संस्थेच्या मागे लागला आणि शेवटी चार गावांच्या खाली जांगयिली लिहिलं गेलं. सानातू त्या शुक्रवारी गावी गेली आणि सांगून आली. लारिबाच्या अंगणात बायका जमल्या. लारिबाची लेक वुम्पिनी वर्षाच्या नासाराला पाठीशी बांधून उभी होती.

"खरंच येणार की तुमच्या शहरातल्यासारखं नुसतं बोलणं?" लारिबा म्हणाली.

"न आणलं तर माझं नाव बदल."

"नाव कशाला बदलू? तुलाच तळ्यात बुडवीन."

चार गावांचे फिल्टर ठीक झाले. शेवटच्या गावाचं, म्हणजे जांगयिलीचं, काम सुरू होतानाच मास्टरची आई वारली. त्यांच्याकडे मातीला, म्हणजे दफनाला आणि पुढच्या विधींना, महिना-सव्वा महिना लागतो. जाताना त्याने सगळं सानातूवर सोपवलं. त्याच आठवड्यात नेहमीच्या गिरणीची मोटार जळाली आणि तूस दुसरीकडून आणावं लागलं. ते जाडंभरडं निघालं. साचा दाबणाऱ्या आवाबूने हाक मारली, "सानातूबाई, चाळण फाटलीय. अंगठा जाईल एवढं भोक पडलंय."

"शिवून घे."

"शिवून? जाळी आहे ती, माझा घागरा नव्हे."

"तुझा घागरा शिवतेस तसंच शीव. नवी जाळी यायला आठ दिवस लागतील."

आवाबूने शिवली. शिवण उसवली केव्हा, कोणी बघितलं नाही. बघायचं काम सानातूचं होतं.

भट्टी उघडली तेव्हा मडकी दिसायला सुरेख होती. तिने एकेक वाजवलं. सगळी खणखणीत. छिद्रं थोडी मोठी की लहान, हे तिच्या कानाला कधीच कळायचं नव्हतं. ते फक्त पाण्याला कळतं. मांडणीवर टांगली आणि तासाने काठी घातली तर तीन लिटर. पुढचं सव्वातीन. त्याच्या पुढचं चार. शंभरातली साठ मडकी अडीचच्या वर होती.

सानातू हातोडी घेऊन उभी राहिली. शेडमधल्या बायकांनी कामं थांबवली. तीन आठवड्यांची मेहनत, आवाबूच्या खांद्यावर जॅकच्या दांड्याने पडलेला घट्टा, हे सगळं तिच्यासमोर होतं. पण हातोडी थांबण्याचं खरं कारण ते नव्हतं. खरं कारण तिने शेडमध्ये कोणाला सांगितलंही नाही. शुक्रवारी लॉरी येणार होती. पाऊस तोंडावर आला होता. पाऊस लागला की जांगयिलीचा रस्ता बंद आणि संस्थेची माणसं परत मायदेशी. राहिलेल्या चाळीस मडक्यांत निम्मंच गाव होत होतं. म्हणजे पुढचं वर्ष. म्हणजे कदाचित कधीच नाही.

तिने आधी सगळ्यात वाईट वीस मडकी फोडली. एकामागून एक, जोराने, सगळ्यांसमोर. ही वीस फोडली म्हणजे आपण प्रामाणिक आहोत, असं तिला त्या दिवशी खरोखर वाटलं. उरलेल्या चाळिसांकडे बघून ती आवाबूला म्हणाली, "यांना चांदीचे दोन हात दे."

आवाबूने तिच्याकडे बघितलं. "मास्टर तर एकच म्हणतात."

"मी दोन म्हणतेय."

वहीत तिने चाळीस ओळींत चाळीस आकडे लिहिले. दोन पॉइंट चार. दोन पॉइंट चार. मध्येच एखादा दोन पॉइंट तीन, खरं वाटावं म्हणून. तो पॉइंट तीन लिहिताना तिने पहिल्यांदा मागे वळून कोणी बघतंय का ते पाहिलं.

शुक्रवारी लॉरीसोबत ती गावी गेली. बायका नाचल्या. गावच्या म्हाताऱ्या प्रमुखाने मानाची कोलाची फळं वाटली. फिल्टर कसा धुवायचा, साबण का लावायचा नाही, हे सानातूने अंगणोअंगण फिरून सांगितलं. चांगली चाळीस मडकी वरच्या आळीला गेली आणि उरलेली चाळीस खालच्या आळीला. तसं कोणी ठरवलं नव्हतं. लॉरी आधी वरच्या आळीला थांबली, इतकंच. लारिबाचं घर खालच्या आळीत.

महिन्याभराने ती पुन्हा गेली तेव्हा पावसाची पहिली झड येऊन गेली होती आणि रस्त्यावर एक लॉरी कशीबशी चालत होती. लारिबाने तिला पाणी दिलं. आमच्याकडे पाहुण्याला आधी पाणी, मग बोलणं. सानातूने वाटी तोंडाला लावली आणि थांबली. पाणी किंचित दुधाळ होतं.

"काय गं, आवडलं नाही?" लारिबा म्हणाली. "तुझ्याच मडक्याचं आहे. वरच्या आळीतल्यांची गंमत ऐकलीस? त्यांची मडकी म्हाताऱ्याच्या लघवीसारखी थेंब थेंब गळतात. आमची बघ कशी भरभर! मी सांगितलं त्यांना, सानातू आमची आहे म्हणून आम्हाला चांगली दिली."

आजूबाजूच्या बायका हसल्या. सानातूही हसली. वाटीतलं पाणी तिने सगळं प्यायलं.

बोलायला तोंड उघडलं होतं, पण वुम्पिनीने नासाराला तिच्या मांडीवर आणून ठेवलं. पोरीला नुकतं चालायला येत होतं. ती सानातूच्या गळ्यातले मणी ओढायला लागली आणि बोलणं राहून गेलं. परतीच्या लॉरीत चढल्यावर, इंजिन सुरू झाल्यावर, सानातू वाकून ओरडली, "लहान मुलांना पाणी उकळून देत जा!"

"काय?" लारिबा कानामागे हात लावून म्हणाली.

"उकळून! लेकरांना!"

लारिबाने हसून हात हलवला. ऐकलं की नाही, कोण जाणे. पुढे कितीतरी दिवस सानातू स्वतःला सांगत राहिली की आपण सांगितलं होतं. मग तिची तिलाच उमज पडली, की लॉरीच्या आवाजात सांगितलेलं ते सांगणं नव्हतंच. अंगणात, निवांत, पाण्याची वाटी हातात असताना ती गप्प बसली होती.

तीन आठवड्यांनी निरोप आला. जांगयिलीत जुलाबाची साथ होती. नासारा दोन दिवसांत गेली. आरोग्य केंद्राच्या वाटेवर, वुम्पिनीच्या पाठीवरच गेली; केंद्रात पोरीला सोडून खाली घेईपर्यंत आईला कळलंही नव्हतं.

सानातू चिखलातून अर्धी वाट चालत सातव्या दिवशीच्या प्रार्थनेला पोचली. तिथे आलेल्या नर्सने सांगितलं, की यंदा सगळीकडेच साथ आहे, फिल्टरवाल्या इतर गावांतही आहे, वरच्या आळीतही दोन मुलं आजारी पडली. "तळ्यात खेळतात, हात धुवत नाहीत, काय काय सांगायचं?" नर्स म्हणाली. सानातूने ते शब्द बुडत्याने काडी धरावी तसे धरले. मग सहज विचारावं तसं विचारलं, "खालच्या आळीत किती?"

"नऊ," नर्स म्हणाली.

लारिबा तिच्याजवळ येऊन बसली. रडून रडून आवाज बसला होता. तरी मैत्रिणीला धीर तिनेच दिला. "तू कशाला तोंड असं केलंयस? तू चांगलं मडकं दिलंस. बाकी देवाची मर्जी." आणि तिने सानातूचा हात हातात घेतला.

सानातूला तो हात काढून घ्यायचा होता. भाजत होता.

शहरात परतल्यावर दुसऱ्या दिवशी ती वही घेऊन मास्टरसमोर उभी राहिली आणि सगळं बोलून टाकलं. तूस, चाळण, साठ मडकी, दोन पॉइंट चार. मास्टरने वहीतलं ते पान उघडलं.

"हे पान मी आल्याबरोबर बघितलं होतं," तो म्हणाला. "चाळीस मडक्यांचा आकडा कधी एकसारखा येतो का? जुळ्यांचासुद्धा येत नाही. मला तेव्हाच खटकलं होतं. पण आईच्या मातीहून आलो होतो, संस्थेचं पत्र आलं होतं, सगळे खूश होते. मी पान उलटलं."

"दोन हात चांदी दिली होती, मास्टर."

"चांदी भोक बुजवत नाही, सानातू. तुला माहीत होतं."

"होतं."

बाहेर आवाबू जॅकचा दांडा मारत होती, त्याचा ठेका तेवढा ऐकू येत होता.

"पोरगी त्यानेच गेली का?" सानातूने विचारलं.

"कोण सांगणार? तळ्यातून गेली असेल, कोणाच्या खरकट्या हातातून गेली असेल. कधीच कळणार नाही." मास्टरने वही मिटली. "चाळीस नवी मडकी करू. माझ्यासमोर तपासू. रस्ता उघडला की बदलून येऊ. पण तिकडे हे बोलायचं नाही. ऐक माझं. गावोगाव बोभाटा झाला की फिल्टर वाईट, तर लोक चांगलेही फिल्टर उकिरड्यावर टाकतील आणि पुन्हा तळ्याचं पाणी पितील. मग एक नासारा नाही, दहा जातील. नवीन जातीचं मडकं आणलंय, असं सांग."

त्याचं म्हणणं चुकीचं होतं असं नाही. सानातूने ते रात्रंदिवस उलटसुलट करून बघितलं. म्हणूनच तर ते पचायला इतकं जड गेलं. आपली लाज झाकायला इतकं शहाणपणाचं पांघरूण मिळावं, याचीच तिला भीती वाटली.

चाळीस मडकी झाली. पाऊस ओसरला. आवाबू आणि ती लॉरीतून जांगयिलीला गेल्या. पहिल्या दोन अंगणांत सानातू मास्टरने शिकवलं तसं बोलली. नवीन जात आहे, हळू गळेल, पण पाणी जास्त चांगलं. बायकांनी कुरकुर करत जुनी दिली. तिसरं अंगण लारिबाचं. लारिबा शियाच्या बिया फोडत बसली होती. सानातू रीतीप्रमाणे उकिडवी बसली. घर कसं आहे, काम कसं आहे, उन्हं कशी आहेत, एकेक विचारणं झालं आणि प्रत्येकाला लारिबाने "नाआ" असा रीतीचा हुंकार दिला. मग लेकरं कशी आहेत, हा प्रश्न यायचा होता. तो सानातूने विचारला नाही.

"लारिबा, हे मडकं वाईट होतं," ती म्हणाली.

लारिबाचा हात थांबला.

"मला माहीत होतं. मी मोजलं होतं. फोडायला हवं होतं. तुम्हाला यंदा मिळालं नसतं म्हणून मी फोडलं नाही. वहीत खोटं लिहिलं."

आवाबूने मागून तिचा पदर ओढला. सानातू थांबली नाही. वाटीतलं दुधाळ पाणी आणि लॉरीतून ओरडलेला शब्द, तेही तिने सांगितलं. वुम्पिनी दारात येऊन उभी होती. तिने सगळं ऐकलं आणि आत गेली.

लारिबाने हातातला दगड खाली ठेवला. मग म्हणाली, "मला कशाला सांगितलंस?"

"तुला माहीत असायला हवं म्हणून."

"मला माहीत असायला हवं म्हणून, की तुला हलकं वाटावं म्हणून?" तिचा आवाज चढला नाही. "दोन महिने मी देवाशी भांडले. पोरीला का नेलंस म्हणून रोज भांडले. आत्ता कुठे त्याच्याशी समेट झाला होता. आता तुझ्याशी पहिल्यापासून भांडायला बसू? तेवढा जोर कुठे राहिलाय माझ्यात?"

"शिव्या दे. मार."

"मारलं की फिटलं, असं आहे होय? जा. नवं मडकं तिथे ठेव आणि जा. पाणी तर प्यायलाच लागतं."

गावात बातमी संध्याकाळपर्यंत सगळीकडे झाली. काही घरांनी नवंही मडकं नाकारलं आणि पुन्हा कापडाने पाणी गाळू लागले. मास्टर म्हणाला होता तसंच, अगदी. काहींनी ठेवलं. गावच्या प्रमुखाने सानातूला बोलावलं, पायाशी बसवलं आणि एवढंच म्हणाला, "तुझ्या आईच्या हातचा रांजण अजून माझ्याकडे आहे. जा आता." त्या दोन वाक्यांनी ती जेवढी मोडली तेवढी शिव्यांनी मोडली नसती.

तिने मास्टरला सांगून काठी आणि वही सोडली. माती कुटायच्या आणि चाळायच्या कामाला बसली. दिवसभर धूळ, संध्याकाळी भुवयासुद्धा तांबड्या. नवीन जाळी रोज सकाळी उन्हात धरून ती भोक न् भोक तपासायची. कारखान्यातल्या पोरी मागून म्हणायच्या, "मावशी जाळीतून मक्का बघते." ती ऐकायची आणि पुन्हा पहिल्या कोपऱ्यापासून सुरुवात करायची. वर्षभराने तपासणी पुन्हा तिच्याकडे द्यावी असं मास्टरला वाटलं. "चुकलेला माणूस जास्त सावध असतो," तो म्हणाला. "चुकलेल्या माणसाला स्वतःवर विश्वास नसतो," ती म्हणाली. शेवटी दोघींनी तपासायचं ठरलं, एकीने मोजायचं आणि दुसरीने पुन्हा मोजून लिहायचं. ती पद्धत सानातूची. अजून चालू आहे.

लारिबा बाजारात भेटायची. शियाचं लोणी घेऊन बसलेली असायची. सानातू उकिडवी बसून विचारपूस करायची आणि लारिबा उत्तर द्यायची, पण उलट काही विचारायची नाही. आमच्यात ते केवढं मोठं आहे, हे आमच्यातल्याच माणसाला कळेल. एकीकडूनच चाललेली विचारपूस म्हणजे एका हाताची टाळी. सानातू तरीही दर बाजाराला जायची. चुकवायची नाही. लोणी घ्यायची, पानात बांधून मिळायचं, निघायची.

तीन वर्षांनी एका सकाळी वुम्पिनी कारखान्यात आली. पोट पुढे आलेलं, सातवा तरी असेल. आवाबूने जॅकचा दांडा खाली ठेवला. सानातू माती झटकत उठली.

"मडकं पाहिजे," वुम्पिनी म्हणाली. "आमचं फुटलं."

"देते. तयार आहेत, तपासलेली..."

"माझ्यासमोर तपास."

सानातूने मांडणीवरून एक मडकं काढलं, हौदात भिजलेलं, आणि टांगून काठोकाठ भरलं. वुम्पिनी समोरच्या बाकावर बसली. आवाबूने तिला लापशी आणून दिली, तिने घेतली नाही. पूर्ण तासभर ती थेंबांकडे बघत बसली. सानातू उभीच होती. बसायचं धाडस तिला झालं नाही. तास झाल्यावर तिने काठी घालायला हात पुढे केला तेव्हा वुम्पिनी उठली आणि काठी तिच्या हातातून घेतली. स्वतः घातली, स्वतः वाचली.

"एक पॉइंट आठ," ती म्हणाली. मग काठी पुसून पुन्हा घातली आणि पुन्हा वाचली.

"घरी पाणी उकळतेस?" सानातूने विचारलं. या वेळी शेडमध्ये काहीच आवाज नव्हता.

"उकळते. तेव्हापासून." वुम्पिनीने मडक्याकडे बोट दाखवलं. "हे तू उचल. मला वाकता येत नाही."

सानातूने मडकं फडक्यात गुंडाळलं, चुंबळ केली आणि डोक्यावर घेतलं. तिचं वय झालं होतं आणि मडकं ओलं असल्याने जड होतं. लॉरीच्या थांब्यापर्यंत दोन मैल. वुम्पिनी पुढे चालली, सानातू मागे. एकदा रस्त्यात खड्डा आला तेव्हा वुम्पिनी थांबली, मागे वळून न बघता म्हणाली, "सांभाळून," आणि पुन्हा चालू लागली.